सिम्युलेशनच्या सरासरीची रेषा मधेच कोसळते किंवा उडते: नेटलोगो, मेसा आणि स्ट्रीमलिट वापरणाऱ्यांसाठी

नेटलोगोत नाहीतर पायथनच्या मेसात (दोन्ही एजंट-आधारित सिम्युलेशनची साधनं) शेकडो रन मारून झाले, म्हणजे मॉडेल शेकडो वेळा चालवून झालं, निकालांची सीएसव्ही हातात आली, स्ट्रीमलिटमध्ये (पायथनमधून वेब-ॲप बनवायचं साधन) स्लायडर आणि ड्रॉपडाउन टाकून छोटंसं ॲप बनवलं, आणि आलेख उघडून बघितला तर सरासरीची रेषा छान चाललेली असताना एका टिकला (सिम्युलेशनच्या एका पायरीला, फाइलमध्ये तिलाच स्टेप म्हणतात) धाडकन खाली. किंवा शून्याकडे निघालेली रेषा आपोआप वर. हा प्रश्न घेऊन सतत कोणी ना कोणी येत असतं आणि पहिला संशय कायम प्लॉटिंगच्या कोडवरच असतो, मग प्लॉटली ही आलेखांची लायब्ररी सोडून दुसरी लावून बघतात, डेटा परत एक्सपोर्ट करतात, काही जण स्मूदिंग लावतात. स्मूदिंग तर कृपा करून लावू नका, त्याने उडी झाकली जाते, कारण तसंच राहतं.

गडबड आलेख काढणाऱ्या ओळीत क्वचितच असते. ती त्याच्या आधी असते, सरासरी नेमकी कशाची काढली तिथे. सिम्युलेशनमध्ये एक रन म्हणजे एक निरीक्षण, सीएसव्हीतली एक ओळ म्हणजे एक निरीक्षण नव्हे. पांडासला (पायथनमधली टेबलं हाताळायची लायब्ररी) हे माहीत नसतं, त्याला फक्त ओळी दिसतात, त्यामुळे त्या त्या स्टेपला कुठले रन मोजले गेले आणि प्रत्येक रन किती वेळा मोजला गेला हे आपल्यालाच बघावं लागतं. खाली जे जे लिहिलंय ते सगळं या एकाच गोष्टीचे वेगवेगळे अवतार आहेत.

उदाहरणाला वुल्फ शीप प्रेडेशन हे लांडगे-मेंढ्यांचं मॉडेल घेते, कारण ते नेटलोगोच्या मॉडेल्स लायब्ररीत प्रत्येकाकडे असतंच आणि दोन मिनिटांत स्वतः करून बघता येतं. निकाल बिहेविअरस्पेसच्या (नेटलोगोतलं अनेक रन आपोआप चालवणारं साधन) टेबल फॉरमॅटमधले, वाचायला पांडास, वर स्ट्रीमलिट आणि प्लॉटली. तुम्ही आर भाषा आणि तिचं ॲप बनवायचं पॅकेज शायनी वापरत असाल तरी कारणं हीच.

आधी फाइल डोळ्यांनी उघडा

टेबल सीएसव्हीच्या पहिल्या 6 ओळी डेटा नसतात. त्यात नेटलोगोची व्हर्जन, मॉडेलचं नाव, एक्सपरिमेंटचं नाव, तारीख-वेळ आणि जगाच्या कडांचे आकडे असतात, कॉलमची नावं 7 व्या ओळीत. म्हणजे वाचताना 6 ओळी सोडायच्या. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण आरमध्ये वाचलं की चौकटी कंसातली ‘रन नंबर’ आणि ‘स्टेप’ ही नावं बदलून पुढे एक्स आणि मधे टिंबं अशी होऊन बसतात, आणि मग पायथनमधलं कोड आरमध्ये आणणाऱ्याला कॉलम सापडतच नाही. नावं तपासायचा पर्याय बंद करून वाचलं की ती जशीच्या तशी राहतात.

दुसरं म्हणजे ओळींचा क्रम. बिहेविअरस्पेस एकाच वेळी अनेक रन समांतर चालवतं आणि टेबलमध्ये जो निकाल आधी तयार होईल तो आधी लिहितं, त्यामुळे रन 1 ची स्टेप 40, लगेच रन 3 ची स्टेप 38, मग परत रन 1 ची स्टेप 41 असं सगळं एकमेकांत मिसळलेलं असतं. अशी फाइल न लावता तशीच लाइन प्लॉटमध्ये ओतली की करवतीच्या दात्यांसारखी रेषा येते, किंवा प्रत्येक रनच्या शेवटापासून एक आडवी रेघ परत डावीकडे शून्यापर्यंत ओढलेली दिसते. यावर इलाज सोपा आहे, आधी रन नंबरने आणि मग स्टेपने सॉर्ट करायचं, आणि प्लॉटलीला लाइन ग्रुप म्हणून रनचा कॉलम द्यायचा. रंगासाठी पॅरामीटर दिला तरी लाइन ग्रुप वेगळा द्यावाच लागतो, नाहीतर एकाच रंगाचे सगळे रन एकाच दोऱ्यात ओवले जातात.

इथेच एक जास्त चिवट प्रकार आहे. अर्धे रन लॅबच्या मशीनवर, अर्धे घरच्या लॅपटॉपवर, दोन फाइल आल्या आणि त्या खालीवर जोडल्या. दोन्ही फाइलमध्ये रन नंबर 1 पासूनच सुरू होतो! म्हणजे आता रन 17 नावाचे दोन वेगळे रन आहेत आणि तुमच्या ॲपच्या दृष्टीने तो एकच रन आहे ज्यात प्रत्येक स्टेपला दोन दोन आकडे आहेत. सॉर्ट करूनही करवत जात नाही तेव्हा हेच बघा. सगळ्यात वाईट म्हणजे नुसती सरासरीची रेषा काढत असाल तर काहीच विचित्र दिसत नाही, कारण स्टेपनुसार सरासरी बरोबरच येते, पण ‘एकूण किती रन’ हा आकडा निम्मा दिसतो आणि प्रत्येक रनची कमाल किंवा शेवटची किंमत काढायला गेलात की ती चुकीची येते. फाइल वाचतानाच फाइलचं नाव आणि रन नंबर जोडून नवीन ओळख बनवा आणि पुढे सगळीकडे तीच वापरा. आणि एक तपासणी कायमची टाकून ठेवा की ही ओळख आणि स्टेप यांची जोडी फाइलभर एकदाच यायला हवी, दोनदा आली तर ॲपने आलेख काढायचाच नाही, लाल अक्षरात सांगायचं.

मुख्य दुखणं: रन वेगवेगळ्या वेळी संपतात

वुल्फ शीपमध्ये गवत नसलेला प्रकार निवडा, ज्यात फक्त मेंढ्या आणि लांडगे मोजले जातात. तो मुळातच अस्थिर आहे, कधी ना कधी तोल जातोच. एकतर लांडगे सगळ्या मेंढ्या खाऊन टाकतात आणि मग स्वतः उपाशी मरतात, एकही कासव (नेटलोगोत एजंटला हेच म्हणतात, इथे लांडगा किंवा मेंढी) उरत नाही आणि मॉडेल थांबतं. नाहीतर लांडगे आधी मरतात आणि मेंढ्या वाढतच सुटतात, तेव्हा डेस्कटॉप नेटलोगोत मेंढ्या 30,000 च्या वर गेल्या की मॉडेल स्वतःहून थांबतं. गो प्रोसीजरमध्ये (दर टिकला चालणारं कोड) स्टॉप आलं की बिहेविअरस्पेस तो रन संपला असं धरतं आणि त्या रनच्या ओळी लिहिणं बंद करतं. टाइम लिमिट 500 दिली असली तरी.

आता समजा 5 रन आहेत. टिक 201 ला मेंढ्या आहेत 30,060, 640, 300, 90 आणि 60. सरासरी 6,230. पहिल्या रनने हद्द ओलांडली, तो थांबला, पुढच्या टिकला त्याची ओळच नाही. टिक 202 ला उरलेले चार म्हणजे 650, 290, 95 आणि 65, सरासरी 275. सहा हजारांवरून पावणेतीनशेवर, एका टिकमध्ये. मॉडेलमध्ये मात्र काहीही कोसळलेलं नाही, एकही रन असा नाही ज्यात मेंढ्या अचानक कमी झाल्या. फक्त सगळ्यात मोठा आकडा यादीतून गेला.

उलटी बाजूही तशीच. एखाद्या रनमध्ये मेंढ्या संपल्या की थोडे टिक शून्य शून्य लिहिलं जातं, कारण लांडगे अजून जिवंत आहेत, आणि लांडगे मेले की ओळी बंद. चार रन आहेत, मेंढ्या 0, 0, 200 आणि 400, सरासरी 150. पहिले दोन रन थांबले की उरलेल्यांची सरासरी 300. आलेख बघणारा म्हणणार की बघा, मेंढ्यांची संख्या सावरली! आणि तसं रिपोर्टमध्ये लिहिणार. मला या प्रकाराची जास्त काळजी वाटते, कारण कोसळलेली रेषा बघून निदान शंका तरी येते, सावरलेली रेषा बघून कोणालाच येत नाही. पाणीवाटप, शेती, साथरोग अशा विषयांवर मॉडेल बनवणारे लोक याच आलेखांवरून पुढे बोलतात.

पांडास इथे काहीच कुरकुर करत नाही. लांब टेबलवर ग्रुपबाय करून सरासरी काढली तर नसलेल्या ओळी नाहीतच, आणि पिव्हॉट करून प्रत्येक रनचा एक कॉलम बनवला तर तिथे नॅन, म्हणजे रिकाम्या किमती, येतात आणि सरासरी काढताना पांडास नॅन गपचूप सोडून देतं, तसंच त्याचं डीफॉल्ट आहे. दोन्ही वाटांनी सरासरी येते ती ‘अजून चालू असलेल्या रनांची’.

हे ओळखायचं कसं? प्रत्येक रनची शेवटची स्टेप काढा आणि त्या आकड्यांचा साधा हिस्टोग्राम बघा. सगळे रन टाइम लिमिटलाच संपले असतील तर हा प्रश्न तुमचा नाही, पुढे जा. दर स्टेपला मोजायचा पर्याय चालू असेल तर 500 टिकच्या पूर्ण रनच्या ओळी 501 असतात, कारण सेटअपनंतरची स्टेप 0 पण मोजली जाते. 501 पेक्षा कमी ओळी असलेले रन म्हणजे आधी थांबलेले.

माझा आग्रह असा आहे की कुठल्याही सिम्युलेशन-ॲपमध्ये मुख्य आलेखाच्या खाली, त्याच आडव्या अक्षावर, एक बारीक पट्टी असावी जिच्यात त्या स्टेपला किती रन मोजले गेले ते दिसेल. प्लॉटलीत दोन ओळींचे सबप्लॉट आणि एक्स अक्ष सामायिक, एवढंच काम. वर रेषा उडाली आणि खाली पट्टी एक पायरी उतरली की बघणाऱ्याला स्वतःलाच कळतं, कोणी समजावून सांगायला लागत नाही.

मग भरायचं का नाही?

इथे सगळे एकच उत्तर शोधतात, की फॉरवर्ड फिल करू का, म्हणजे थांबलेल्या रनची शेवटची किंमत पुढे ओढत नेऊ का. उत्तर रन कशामुळे थांबला त्यावर आहे, म्हणून आधी थांबण्याचं कारण डेटात असायला हवं. मॉडेलमध्ये हे कारण नोंदवणारा रिपोर्टर नसेल तर शेवटच्या ओळीवरून ठरवा: लांडगे शून्य आणि मेंढ्या शून्य म्हणजे ‘सगळे संपले’, लांडगे शून्य आणि मेंढ्या 30,000 च्या वर म्हणजे ‘मेंढ्या सुटल्या’, बाकी ‘वेळ संपली’.

सगळे संपले, तर पुढे शून्य भरणं अगदी रास्त आहे. या मॉडेलमध्ये बाहेरून मेंढी येत नाही, म्हणजे मॉडेल पुढे चालवलं असतं तरी शून्यच राहिलं असतं. रन आणि स्टेप यांच्या सगळ्या जोड्यांचा पूर्ण साचा बनवायचा, त्यावर डेटा बसवायचा आणि रिकाम्या जागी शून्य. साथरोगाच्या मॉडेलमध्ये शेवटचा बाधित माणूस बरा झाला की मॉडेल थांबतं, तिथेही बाधितांसाठी शून्य बरोबर, पण एकूण बरे झालेल्यांसाठी शेवटचा आकडाच पुढे न्यायचा, शून्य नाही. म्हणजे कॉलमगणिक वेगळा नियम, आणि तो नियम कोडमध्ये एका जागी लिहून ठेवा, तीन फंक्शनमध्ये विखरून नको.

मेंढ्या सुटल्या, तर 30,000 पुढे ओढणं चुकीचं आहे. तिथे मेंढ्या थांबल्या नाहीत, आपण मोजणं थांबवलं. खरा आकडा ‘30,000 पेक्षा जास्त, किती ते माहीत नाही’ एवढाच. अशा आकड्यांची सरासरी निघतच नाही, काहीही भरलं तरी ती आपल्या मनाची. पण मीडियन, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, निघतो! वरच्या उदाहरणात टिक 201 ला पाच आकड्यांचा मीडियन 300. टिक 202 ला 65, 95, 290, 650 आणि ‘30,000 च्या वर काहीतरी’, मीडियन 290. मधला आकडा बघताना सगळ्यात मोठा नेमका किती आहे याने फरक पडत नाही, तो मोठा आहे एवढं पुरतं. असे सुटलेले रन निम्म्यापेक्षा कमी आहेत तोपर्यंत मीडियन भरवशाचा, म्हणजे कोडमध्ये त्या जागी अनंत ही किंमत भरा आणि मीडियन काढा, पर्सेंटाइलही त्याच पद्धतीने निघतात, फक्त वरचा पर्सेंटाइल अनंत आला तर रेषेभोवतीचा पट्टा तिथे उघडा सोडायचा. हाच एक बदल केल्यावर बऱ्याच जणांचा आलेख एकदम शांत होतो.

आणि खरं सांगायचं तर या मॉडेलसाठी सरासरी मेंढ्या हा प्रश्नच फारसा कामाचा नाही. किती टक्के रनमध्ये सगळं संपलं, किती टक्क्यांत मेंढ्या सुटल्या, किती अजून चालू, हे तीन भाग स्टेपनुसार एकावर एक रचून एरिया चार्ट काढला तर मॉडेल काय करतंय ते एका नजरेत येतं. ॲपमध्ये हा आलेख पहिल्या टॅबवर ठेवा, सरासरी दुसऱ्या.

जिथे एकही रन नाही तिथे सरासरी

रन सगळे पूर्ण झाले, उडी नाही, तरी आलेख खोटं बोलू शकतो. साथरोगाचं मॉडेल, सुरुवातीला दोन-तीनच बाधित. काही रनमध्ये साथ लागतच नाही, पहिल्या काही दिवसांत विझते, बाकीच्यांत पेट घेते. समजा निम्म्यात शेवटी जवळजवळ कोणीच बाधित झालं नाही आणि निम्म्यात 80 टक्के लोक झाले. सरासरी 40 टक्के. पण 40 टक्क्यांच्या आसपास एकही रन नाही! आणि त्यावर सरासरी उणे-अधिक एक स्टँडर्ड डेव्हिएशन असा पट्टा काढला तर तो दोन्ही ढिगांच्या मधल्या मोकळ्या जागेवरच सगळ्यात जास्त रंग ओततो. इथे मीडियनही वाचवत नाही, तो एका ढिगातून दुसऱ्यात उडी मारू शकतो.

म्हणून शेवटच्या स्टेपच्या किमतींचा हिस्टोग्राम ॲपमध्ये असायलाच हवा, आणि सगळे रन फिकट बारीक रेषांनी मागे काढायचा एक टॉगल. 100 रन असतील तर अपारदर्शकता 0.1 च्या आसपास ठेवा. दोन वेगळ्या गुच्छांत रेषा दिसल्या की सरासरी बाजूला ठेवून दोन गट वेगळे करा.

पट्ट्याबद्दल अजून दोन गोष्टी. सरासरी 40 आणि स्टँडर्ड डेव्हिएशन 60 असेल तर पट्टा उणे 20 मेंढ्यांपर्यंत जातो, आणि लोक मग अक्ष शून्यावर कापून ते लपवतात. त्यापेक्षा 10 ते 90 पर्सेंटाइलचा पट्टा घ्या, तो कधीच अशक्य जागी जात नाही. दुसरं, स्टँडर्ड एररचा पट्टा रन वाढवले की बारीक होत जातो, आणि सिम्युलेशनमध्ये रन वाढवणं आपल्याच हातात असतं, रात्रभर मशीन चालू ठेवलं की झालं. त्यामुळे दोन पट्टे एकमेकांना शिवत नाहीत म्हणजे फरक मोठा आहे असं नाही, तुमच्याकडे मशीन मोकळं होतं एवढंच. लेजेंडमध्ये पट्टा कशाचा आहे ते शब्दांत लिहा, प्रत्येक आलेखावर.

आणि पट्टा अजिबातच नसेल, सगळे रन तंतोतंत एकच रेषा, तर सेटअपमध्ये कुठेतरी रँडम-सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) ठरावीक आकड्यावर बांधून ठेवलेलं आहे, डीबगिंगच्या वेळचं. रिपिटिशन कितीही दिल्या तरी तोच रन पुन्हा पुन्हा होतो. ती ओळ काढा, आणि रन परत मिळवता यायला हवे असतील तर बिहेविअरस्पेसच्या सेटअप कमांडमध्ये, सेटअपच्या आधी, रँडम-सीडला बिहेविअरस्पेस-रन-नंबर द्या. मग प्रत्येक रन वेगळा आणि तरी रन 17 ला काय झालं होतं ते नंतर एकट्याने चालवून बघता येतं.

न निवडलेला पॅरामीटर

इंटरॅक्टिव्ह ॲपमध्येच होणारी भानगड. आता गवत असलेला प्रकार धरा. स्वीपमध्ये (पॅरामीटरच्या वेगवेगळ्या किमतींनी मारलेल्या रनांमध्ये) दोन पॅरामीटर आहेत, लांडग्यांची सुरुवातीची संख्या आणि गवत उगवायचा वेळ. ॲपमध्ये ड्रॉपडाउन फक्त लांडग्यांचा. मग गवताच्या सगळ्या किमतींचे रन एकाच सरासरीत जातात आणि पट्ट्याची रुंदी म्हणजे निम्मा योगायोग आणि निम्मा गवताचा परिणाम, आणि वेगळं करायची सोय नाही. वर आणखी, गवताच्या एका किमतीला रन लवकर संपत असतील तर पुढच्या स्टेपना त्या किमतीचं वजन आपोआप कमी होतं, म्हणजे वरचं मुख्य दुखणं परत मागच्या दाराने. फाइलमध्ये ज्या ज्या पॅरामीटरच्या एकापेक्षा जास्त किमती आहेत तो प्रत्येक एकतर फिल्टरमध्ये हवा, नाहीतर रंगात, नाहीतर वेगळ्या खान्यात. कॉलम वाचून ॲपने स्वतःच फिल्टर बनवावेत, हाताने लिहू नयेत, कारण पुढच्या एक्सपरिमेंटमध्ये कोणीतरी तिसरा पॅरामीटर टाकतंच.

स्लायडरवर 0.3 निवडलं आणि आलेख रिकामा, हा प्रश्न जास्त करून मेसावाल्यांचा. नमपायच्या (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) अरेंजने 0.1 च्या पायऱ्या बनवल्या की तिसरी किंमत 0.3 नसते, 0.30000000000000004 असते, आणि बरोबर-बरोबर तुलना केली की एकही ओळ मिळत नाही. फाइल वाचतानाच पॅरामीटर राउंड करून ठेवा.

मेसात सरासरी थोडीशीच चुकीची येते

थोडीशी म्हणून जास्त धोकादायक. बॅच रनमध्ये मॉडेल रिपोर्टर आणि एजंट रिपोर्टर दोन्ही दिले की निकालात प्रत्येक एजंटची एक ओळ येते आणि मॉडेलचा आकडा, समजा जिनी (विषमतेचा निर्देशांक), त्या प्रत्येक ओळीत परत परत छापलेला असतो. आता स्टेपनुसार जिनीची सरासरी काढली की जास्त एजंट असलेल्या रनला जास्त वजन मिळतं. रन अ मध्ये 10 एजंट, जिनी 0.2. रन ब मध्ये 90 एजंट, जिनी 0.6. रनांची सरासरी 0.4, पण ओळींची सरासरी 0.56. एजंटांची संख्या सगळीकडे सारखी असेल तर फरक पडत नाही, म्हणून साध्या मॉडेलवर टेस्ट करताना सगळं ठीक दिसतं आणि जन्म-मृत्यू टाकल्यावर बिघडतं. वाचल्यावर लगेच दोन टेबलं करा: मॉडेलच्या कॉलमसाठी रनआयडी आणि स्टेप यांच्या जोडीला एकच ओळ ठेवून बाकीच्या टाकून द्या, एजंटांचं टेबल वेगळं. एजंटांची सरासरी हवी असेल तर आधी रनच्या आत काढा, मग रनांमध्ये.

आलेखावर रेषेऐवजी प्रत्येक रनचा एकच ठिपका येत असेल तर बॅच रनचा डेटा गोळा करायचा पीरियड उणे 1 वर आहे, ते डीफॉल्ट आहे आणि त्यात फक्त शेवटची स्टेप नोंदली जाते. 1 करा. नेटलोगोत हेच दर स्टेपला मोजायचा चेकबॉक्स काढल्यामुळे होतं.

जुनाच आलेख येतोय

रन परत मारले, फाइल त्याच नावाने सेव्ह केली, आलेख तोच. स्ट्रीमलिटमध्ये फाइल वाचणाऱ्या फंक्शनवर कॅश-डेटा (आधीचा निकाल साठवून तोच परत देणारी सोय) लावलेलं असतं आणि त्याला दिलेला फाइलचा पाथ बदललेला नसतो, म्हणून ते आत काय बदललं ते बघतच नाही. पाथबरोबर फाइलची शेवटच्या बदलाची वेळही फंक्शनला द्या, वेळ बदलली की कॅश आपोआप नवीन. कॅश काढूनच टाकू नका, कारण स्ट्रीमलिट प्रत्येक स्लायडर हलवला की पूर्ण स्क्रिप्ट वरपासून चालवतं, आणि 20 पॅरामीटर-जोड्या, प्रत्येकी 100 रन, प्रत्येकी 501 स्टेप म्हणजे 10 लाखांवर ओळी, त्या दर हालचालीला सीएसव्हीतून वाचायच्या म्हटलं तर ॲप कोणी वापरणार नाही. एकदा पार्के या लवकर वाचल्या जाणाऱ्या फाइल फॉरमॅटमध्ये बदलून ठेवा. अपलोडरने फाइल घेत असाल तर त्याची मर्यादा मुळात 200 एमबी असते, मोठ्या फाइलसाठी कॉन्फिगमध्ये वाढवावी लागते.

हाताने बनवलेली फाइल

ॲपच्या फोल्डरमध्ये एक छोटी सीएसव्ही हाताने लिहून ठेवा, मी प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ठेवते. तीन रन, सहा स्टेप. पहिला रन पूर्ण, मेंढ्या कायम 10. दुसरा स्टेप 2 ला शून्यावर येऊन स्टेप 3 ला थांबतो, त्याआधी त्यात 20. तिसरा स्टेप 4 ला हद्द ओलांडून थांबतो, त्याआधी 40, हद्द टेस्टपुरती 50 धरा. ओळी मुद्दाम उलटसुलट क्रमाने लिहा. आता स्टेप 5 ला काय दिसायला हवं ते कागदावर काढता येतं: मोजलेले आकडे 10, भरलेलं शून्य, आणि ‘50 च्या वर’, मीडियन 10, खालच्या पट्टीत प्रत्यक्ष चालू रन 1, आणि सरासरीच्या जागी काहीच नाही, कारण एक रन सुटलेला आहे. ॲपने इथे सरासरी 10 दाखवली तर थांबलेले रन गळतायत. 20 दाखवली तर हद्दीचा 50 खरा आकडा समजून पुढे ओढलाय. 25 दाखवली तर शून्य भरलं गेलेलं नाही आणि वर सुटलेल्या रनची शेवटची 40 पुढे ओढली गेलीय, म्हणजे ओलांडल्याची ओळच वाचताना कुठेतरी पडली. आकडा बघूनच कुठल्या फंक्शनमध्ये जायचं ते कळतं.